बदललेली यादी : लॅनार्कशायरच्या दूध-प्रयोगातील गटवाटपाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

१९३० साली फेब्रुवारीपासून जूनपर्यंत स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर परगण्यात ६७ शाळांतील सुमारे २०,००० मुलांवर एक प्रयोग झाला. शाळेत रोज दूध दिल्याने मुलांच्या वाढीत फरक पडतो का, आणि कच्चे दूध व पाश्चरीकृत दूध यांत काही डावे-उजवे आहे का, हे दोन प्रश्न त्यामागे होते. पाच ते बारा वर्षे वयाच्या या मुलांपैकी निम्म्यांना रोज पाऊण पाइंट, म्हणजे साधारण सव्वाचारशे मिलिलिटर दूध मिळणार होते. त्यांतील ५,००० जणांना कच्चे आणि ५,००० जणांना पाश्चरीकृत. उरलेल्या १०,००० जणांना दूध मिळणार नव्हते, त्यांची केवळ उंची आणि वजन मोजायचे होते. एकेका शाळेतून २०० ते ४०० मुले घेतली होती आणि एका शाळेत एकाच प्रकारचे दूध जात होते, कारण एवढ्या मुलांत कोणाला कोणते दूध द्यायचे याचा रोजचा हिशेब चोख ठेवणे अवघड गेले असते. खर्च सुमारे ७,५०० पौंड झाला.

संख्येच्या दृष्टीने पाहिले तर आजही एवढा मोठा पोषण-प्रयोग सहज उभा राहत नाही. तरीही संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे प्रकरण शिकवले जाते ते त्यातून दुधाबद्दल काय कळले यासाठी नव्हे, तर कोणते मूल कोणत्या गटात गेले आणि ते कोणी ठरवले यासाठी. शाळा आणि शिक्षक यांची नावे या मांडणीत घेतलेली नाहीत, कारण प्रश्न कोणा एका व्यक्तीच्या चुकीचा नाही.

अडचण कुठे निर्माण झाली

शाळेतली निवड दोनपैकी एका रीतीने करायची होती : चिठ्ठ्या टाकून, किंवा आडनावांच्या वर्णानुक्रमाने. यांपैकी पहिली रीत खरी सोडत आहे. दुसरी तशी दिसते, पण तशी नाही, कारण वर्णानुक्रमाने यादी दुभागली की एकाच घरातली भावंडे बहुधा एकाच बाजूला जातात आणि ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांचा मोठा गठ्ठाही एकत्र पडतो. हा दोष लहान होता. मोठा दोष पुढच्या सूचनेत होता. एखाद्या गटात खात्यापित्या घरची किंवा कुपोषित मुले प्रमाणाबाहेर आली असतील, तर काही मुले बदलून गट सारखे करून घ्यावेत, अशी मुभा शाळांना दिली होती.

ही मुभा वाईट हेतूने दिलेली नव्हती, उलट ती समतोलासाठीच होती. फेब्रुवारीतल्या थंडीत हातात सोडतीची यादी घेऊन उभ्या असलेल्या शिक्षकाची जागा क्षणभर घेऊन पाहावी. समोर एक हडकुळे पोर आहे, अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, आणि यादी सांगते की पुढचे चार महिने शेजारच्या बाकावरच्या धडधाकट मुलाला दूध मिळेल, याला नाही. यादीत बदल करण्याची परवानगी अधिकृतपणे हातात असताना तो शिक्षक काय करेल, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. आपण केवळ गट सारखे करतो आहोत, असे त्याला स्वतःलाही मनापासून वाटत असणार.

प्रयोगाच्या सुरुवातीला घेतलेल्या मोजमापांत याचा परिणाम उघड दिसतो. दूध न मिळणारा गट दूध मिळणाऱ्या गटापेक्षा वजनाने सुमारे तीन महिन्यांच्या वाढीइतका आणि उंचीने सुमारे चार महिन्यांच्या वाढीइतका पुढे होता. प्रयोगच मुळी चार महिन्यांचा. म्हणजे जो परिणाम मोजायचा होता त्याच मापाचा फरक पहिल्या दिवशीच दोन गटांत पडलेला होता, आणि तोही समतोल साधण्यासाठी दिलेल्या सवलतीमुळे.

पुढे काय झाले

अहवालाने दूध वाढीला पोषक ठरल्याचा आणि कच्चे व पाश्चरीकृत दूध सारखेच गुणकारी असल्याचा निष्कर्ष काढला. १९३१ मध्ये ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे विल्यम सीली गॉसेट यांनी या प्रयोगाची चिकित्सा केली. गॉसेट डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात नोकरीला होते, आणि लहान नमुन्यांसाठी आज सर्रास वापरली जाणारी टी-चाचणी त्यांच्या १९०८ च्या लेखातून आलेली आहे.

त्यांच्या चिकित्सेतला कपड्यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलांचे वजन अंगावरच्या घरातल्या कपड्यांसह घेतले होते, पहिल्यांदा हिवाळ्यात आणि नंतर उन्हाळ्यात. हिवाळ्यात जाड कपडे, उन्हाळ्यात पातळ. त्यामुळे चार महिन्यांतल्या खऱ्या वाढीतून कपड्यांच्या वजनातली घट वजा होत होती. दोन्ही गट खऱ्या सोडतीने पडले असते, तर ही वजाबाकी दोहोंकडे सारखीच झाली असती आणि तुलनेला धक्का लागला नसता. पण दूध न मिळालेल्या गटात बऱ्या परिस्थितीतली मुले जास्त होती. त्यांच्याकडे हिवाळी कपडे भरपूर असल्याने उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून उतरलेले वजनही जास्त होते. गरीब मुलाच्या अंगावर हिवाळ्यातही फारसे नव्हते, मग उन्हाळ्यात काय उतरणार? परिणामी दूध मिळालेल्या गटाची वजनवाढ होती त्यापेक्षा मोठी दिसली.

यादी बदलणाऱ्यांच्या मनात कपड्यांचा विचार आला असण्याचा संभव नाही. त्यांनी पाहिले ते पोषण. पण पोषणाला गरिबी चिकटलेली होती आणि गरिबीला कपडे चिकटलेले होते. सोडतीचे खरे काम इथे कळते. जे गुण आपल्याला दिसतात त्यांचा समतोल आपण हातानेही साधू शकतो, पण जे आपल्या ध्यानीमनीही नाहीत त्यांचा समतोल सरासरीने केवळ सोडतच साधते.

कच्चे आणि पाश्चरीकृत दूध यांची तुलना तर आणखी कच्ची होती, कारण ती वेगवेगळ्या शाळांमधली तुलना होती. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर आणि त्यांचे सहलेखक बार्टलेट यांनी १९३१ मध्येच ‘नेचर’मधून याच आकड्यांवर अहवालाच्या निष्कर्षाला आव्हान दिले. एकाच प्रयोगाच्या एकाच आकडेवारीतून जाणकार माणसे परस्परविरोधी अर्थ काढू लागली, तेव्हा बराचसा दोष आकडेमोडीत नसून वाटपात होता.

निर्णयाचे खरे स्थान

शिक्षकाला सोडतीचे गट असमान वाटले असतील, हे अगदी शक्य आहे. समान वयाच्या मुलांच्या वजनाचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीची पसरण, समजा ३ किलो धरले, तर १०० विरुद्ध १०० मुलांच्या सोडतीत दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने पडणाऱ्या फरकाचे नेहमीचे माप, सुमारे ०.४२ किलो येते. म्हणजे एका शाळेत अर्ध्या किलोचा फरक निव्वळ योगायोगाने पडणे ही नेहमीची गोष्ट आहे. पण त्याच हिशेबाने १०,००० विरुद्ध १०,००० मुलांत ही त्रुटी सुमारे ४० ग्रॅमवर येते. एका शाळेत पारडे इकडे झुकते, दुसऱ्या शाळेत तिकडे, आणि ६७ शाळांच्या बेरजेत ते फरक एकमेकांना खाऊन टाकतात.

शिक्षकाला दिसते ती त्याची एकच शाळा. बेरीज दिसते ती प्रयोग आखणाऱ्या कार्यालयाला. योगायोगाच्या चुका बेरजेत विरतात, पण माणसाच्या दयेला एकच दिशा असते, त्यामुळे प्रत्येक शाळेतली लहानशी दुरुस्ती बेरजेत साचत जाते. ज्या प्रयोगाला केवळ आकारामुळेच समतोल मिळणार होता, त्याला तो हाताने द्यायला जाणे हा आखणीतला निर्णायक चुकलेला टप्पा होता. म्हणून या निर्णयाची जबाबदारी मी वर्गातल्या शिक्षकावर ठेवत नाही. ती मुभा लिहून देणाऱ्या पातळीवर आहे.

विचारात घेण्याजोगे पर्याय

या प्रकरणातून ‘समतोल नकोच, निव्वळ सोडत हवी’ असा धडा अनेकदा काढला जातो. तो अपुरा आहे, आणि गॉसेट यांनी स्वतः तो काढलेला नव्हता. शेतीच्या प्रयोगांत ते आयुष्यभर समतोल मांडणीचे पुरस्कर्ते राहिले. त्यांची आवडती पद्धत अर्ध्या पाभरीची (पाभर म्हणजे बी पेरण्याचे अवजार) होती : पाभरीच्या एका अर्ध्यात एक वाण, दुसऱ्या अर्ध्यात दुसरे, आणि पाभर जाऊन वळून परत आली की शेतात ‘अ ब ब अ’ असे पट्टे पडत जातात. उताराच्या रानात वरच्या अंगाला मुरमाड आणि खालच्या अंगाला काळी भारी जमीन असते, हे ज्याने शेत पाहिले आहे त्याला ठाऊक असते. अशा शेतात सोडतीने एक वाण सगळे वरच्या अंगाला गेले, तर ती सोडत आहे म्हणून तिला मान का द्यायचा, हा गॉसेट यांचा सवाल होता. रोथॅमस्टेड या इंग्लंडमधील कृषी संशोधन केंद्रात काम केलेल्या रोनाल्ड फिशर यांचे उत्तर असे की मांडणी ठरावीक असेल तर जमिनीतली एखादी अज्ञात नियमितता, उदाहरणार्थ जुन्या नांगरटीचे वरंबे, तिच्याशी जुळून येऊ शकते, आणि मुख्य म्हणजे त्रुटीचा अंदाज कशाच्या आधारे करायचा हेच उरत नाही. हा वाद गॉसेट १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वारले तरी मिटला नाही. त्यांचा समतोल आणि यादृच्छिक (सोडतीने ठरवलेल्या) मांडण्यांची तुलना करणारा लेख १९३८ मध्ये, त्यांच्या पश्चात छापला गेला.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे, हे लहान आकड्यांवर स्पष्ट दिसते. केवळ उदाहरणासाठी आठ मुले घेऊ, वजने १७, १८, १९, २०, २१, २२, २३ आणि २४ किलो. त्यांचे चार-चारचे दोन गट करून एकाला दूध द्यायचे, तर वाटणीचे ७० प्रकार होतात. सरळ सोडत काढली तर हे सत्तरही प्रकार सारख्याच शक्यतेचे असतात, आणि त्यांतल्या दोन प्रकारांत हलकी चारही मुले एकीकडे व जड चारही दुसरीकडे जातात. सरासरीत ४ किलोंचा फरक. पस्तीस सोडतींत एकदा असे होणार. असा प्रयोग चालवणे म्हणजे चार महिने वाया घालवणे.

आता उलट टोकाला जाऊ. दोन्ही गटांची बेरीज तंतोतंत ८२ किलो यावी असा आग्रह धरला, तर सत्तरपैकी आठच वाटण्या उरतात. दूध पूर्णपणे निरुपयोगी असते आणि निकाल केवळ नशिबाने आला असता, तर सर्वात टोकाचा निकाल, दोन्ही दिशा धरून, किती वेळा आला असता? सरळ सोडतीत सत्तरात दोनदा, म्हणजे पस्तिसात एकदा. तंतोतंत समतोलाच्या आठ वाटण्यांत आठात दोनदा, म्हणजे चारात एकदा. आणि संगणकाने एकच ‘सर्वोत्तम’ दुभागणी शोधून दिली व कोणत्या भागाला दूध द्यायचे एवढेच नाणेफेकीवर ठेवले, तर वाटण्या दोनच उरतात. मग निकाल कितीही ठळक असला तरी सोडतीच्या आधाराने त्यातून काहीच सिद्ध करता येत नाही. समतोल वाढवत नेला की योगायोगाला जागा कमी होते, आणि योगायोगाला जागाच नसेल तर निकाल योगायोगाने आला नाही हे दाखवायचे तरी कसे?

या आठ वाटण्यांत आणखी एक खाच आहे. त्यांपैकी एकीत १७, १८, २३ आणि २४ किलोंची मुले एका गटात आणि १९ ते २२ किलोंची दुसऱ्या गटात येतात. सरासरी दोन्हीकडे साडेवीसच, पण एका गटात सगळी अतिकृश आणि सगळी भरलेली मुले, दुसऱ्यात सगळी मध्यम. दुधाचा फायदा कृश मुलांनाच जास्त होत असेल, तर हा समतोल फसवा ठरतो. लॅनार्कशायरमध्ये नेमकी हीच शंका होती. समतोल कशाचा, हे सांगितल्याखेरीज त्या शब्दाला अर्थ येत नाही.

मधला मार्ग दोन प्रकारे काढता येतो. पहिला प्रकार आधी मर्यादा ठरवून सोडत पुन्हा काढण्याचा. सरासरीतला फरक १ किलोपेक्षा जास्त असलेली सोडत रद्द, असा नियम आधीच लिहून ठेवला तर सत्तरपैकी ३६ वाटण्या उरतात आणि टोकाच्या निकालाचे वरचे प्रमाण अठरात एकदा असे येते. मर्यादा अर्ध्या किलोवर आणली तर २२ वाटण्या आणि अकरात एकदा. १९५२ मध्ये संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांनी फिशर यांना विचारले होते की लॅटिन चौकोन (प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात प्रत्येक वाण एकदाच येईल अशी मांडणी) सोडतीने काढताना बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीसारखा अगदी नियमित चौकोन हाती आला तर काय कराल. फिशर यांनी पुन्हा सोडत काढू असे सांगितले. या उत्तराला शिस्तशीर सिद्धान्ताचे रूप कॅरी लॉक मॉर्गन आणि डोनाल्ड रुबिन यांनी २०१२ मध्ये दिले. अनेक गुणांचा समतोल एकत्र मोजायला त्यांनी वापरलेले अंतराचे माप भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे आहे, हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायलाच हवे. या पद्धतीची अट एकच, पण कडक आहे : निकालाचे विश्लेषणही मान्य ठरलेल्या ३६ किंवा २२ वाटण्यांच्या मापानेच करायचे, सत्तरच्या नव्हे.

दुसरा प्रकार जोड्यांचा. १७-१८, १९-२०, २१-२२ आणि २३-२४ अशा जोड्या लावून प्रत्येक जोडीत छापा-काटा केला, तर वाटण्या सोळा होतात आणि त्यांतल्या कोणत्याही वाटणीत सरासरीचा फरक १ किलोच्या वर जात नाही. कृश मुले आपोआप दोन्हीकडे विभागली जातात. राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथे शिकलेला कृषी पदवीधर ज्याला ‘आरबीडी’ म्हणतो, त्या यादृच्छिक गट-आराखड्याचे हेच सर्वात लहान रूप आहे. आठ मुलांना सोळा वाटण्या तोकड्या पडतात हे खरे. पण पन्नास जोड्या असतील तर वाटण्यांची संख्या एक हजार लाख कोटींच्याही वर जाते. तिथे समतोल आणि योगायोग यांत निवड करण्याची वेळच येत नाही.

डिमिट्रिस बर्टसिमास, मॅक जॉन्सन आणि नेथन कॅलस यांनी २०१५ मध्ये लहान नमुन्यांसाठी इष्टतम वाटणीची, म्हणजे संगणकाने शोधलेल्या सर्वात समतोल दुभागणीची, बाजू जोरकसपणे मांडली. नमुना लहान, प्रत्येक नग महाग आणि निकालावर प्रभाव टाकणारे गुण खात्रीने ठाऊक, अशा परिस्थितीत मीही त्या बाजूला झुकेन. लॅनार्कशायरमध्ये यांतली एकही अट लागू नव्हती.

काय वेगळे करता आले असते

गॉसेट यांनी दोन सूचना केल्या. प्रयोग त्याच भव्य प्रमाणावर पुन्हा करायचा असेल, तर समान वयाच्या, एकाच लिंगाच्या आणि उंची, वजन व विशेषतः पोषणस्थिती शक्य तितकी सारखी असलेल्या मुलांच्या जोड्या शिक्षकांनी लावाव्यात, आणि प्रत्येक जोडीतले दूध कोणाला हे नाण्याने ठरवावे. या सूचनेतला कामांचा क्रम नीट पाहावा. शिक्षकाची नजर यात नाकारलेली नाही. कोणते मूल कोणासारखे आहे हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही, म्हणून ते काम त्याच्याकडेच ठेवले आहे; फक्त ते सोडतीच्या आधी करायचे आहे. शेवटचा हात नाण्याचा. मूळ प्रयोगात हाच क्रम उलटा होता, आधी सोडत आणि मग नजर, आणि माझ्या मते सगळे नुकसान त्या उलट्या क्रमातून झाले.

दुसरी सूचना अधिक धाडसी होती : एकबीज जुळ्यांच्या पन्नास जोड्या घ्याव्यात, प्रत्येक जोडीतल्या एकाला नाणेफेकीने दूध द्यावे. वाढीवर परिणाम करणारे जवळजवळ सगळे घटक जोडीत सारखे असल्याने, मूळ खर्चाच्या शंभरात एक-दोन हिश्श्यांत, वीस हजार मुलांपेक्षा विश्वासार्ह उत्तर मिळण्याची शक्यता त्यांनी दाखवली.

मी याला दोन गोष्टी जोडेन. दयेला नियमात जागा द्यायला हवी होती. अतिकृश मुलांना दूध नाकारणे शिक्षकाला असह्य होणार हे आखणाऱ्यांना आधीच कळण्यासारखे होते. अशा मुलांची स्वतंत्र यादी करून त्यांना सरसकट दूध देता आले असते आणि तुलनेतून पूर्णपणे वगळता आले असते. वीस हजारांतून काहीशे मुले वगळल्याने प्रयोगाचे काही बिघडले नसते, आणि उरलेल्या यादीला हात लावण्याचे कारण राहिले नसते.

दुसरी गोष्ट कागदाची आहे. प्रत्येक शाळेने सोडतीची मूळ यादी जशीच्या तशी जपायला हवी होती, आणि तिच्या शेजारी दोन रकाने : कोणाच्या जागी कोण आले, आणि का. मूळ यादी हाती असती तर मुलाने प्रत्यक्षात दूध प्यायले की नाही हे बाजूला ठेवून, सोडतीने त्याला ज्या गटात टाकले त्या गटाप्रमाणे तुलना करता आली असती. दुधाचा परिणाम त्यात थोडा पुसट दिसला असता, पण कपडे, गरिबी, शिक्षकाची कणव यांपैकी कशाचाही डाग त्यावर पडला नसता. गॉसेट यांच्यापर्यंत पोहोचले ते बदल केल्यानंतरचे गट, आणि त्यांतून मूळ सोडत परत उभी करण्याचा मार्ग उरला नव्हता.